चार पेपर राहू द्या, काढून टाकलेले फोटो परत घ्या

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. पुढे अमेरिकेत एमएस करायचं ठरवलं आहे. कन्सल्टंट म्हणतात, या डिसेंबरच्या आत किमान चार रिसर्च पेपर हवेत. एक जण ७२ तासांत ‘इंटरनॅशनल जर्नल’मध्ये पेपर छापून देतो, आयएसएसएन नंबर आणि सर्टिफिकेटसह. एक पेपर जवळपास तयार आहे. द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल, ॲक्युरसी, म्हणजे बरोबर उत्तरांचं प्रमाण, ९८ टक्के. मसुदा सोबत जोडला आहे. पण दिंडोरीला माझ्या भावाच्या बागेतले फोटो घातले की ॲक्युरसी एकदम घसरते. गाईड म्हणाले, ते फोटो काढून टाका. ती मात्र त्यातच अडकून बसली आहे, महिना वाया गेला. तिला जरा समजवा. शिवाय पेपरात तिच्या मोठ्या भावाचं नाव घालता येईल का? तो नोकरी बदलतो आहे, त्यालाही उपयोग होईल.
— एक पालक, नाशिक

उत्तर : पत्र वाचलं, मसुदाही वाचला. मसुद्यात चुका आहेत, पण त्यांची मला काळजी नाही. थर्ड इयरला त्या व्हायच्याच. काळजी वाटली ती पत्राची. चार पेपर, ७२ तास, सर्टिफिकेट, डिसेंबर, वर मोठ्या मुलाचीही सोय. सगळा हिशेब चोख मांडला आहे, आणि मुलगी त्यात येते ती फक्त तक्रारीपुरती, ‘अडकून बसली आहे’ म्हणून. अहो, तुमच्या अख्ख्या पत्रात संशोधन म्हणावं असं तेवढंच आहे. ते सोडून दे असं तिला समजवायला तुम्ही मला सांगताय. ते काम माझ्याच्याने होणार नाही.

आधी डिसेंबरचं बघू. मुलगी थर्ड इयरला आहे, म्हणजे एमएसचे अर्ज ती पुढच्या वर्षी, शेवटच्या वर्षाला असताना भरणार. मग या डिसेंबरची घाई कुणाला आहे? मला तरी ती कन्सल्टंटची दिसते. एमएसच्या बहुतेक अभ्यासक्रमांना पेपरची अटच नसते. मार्क, शिफारसपत्रं आणि तिने स्वतः लिहिलेलं निवेदन बघतात. चांगला पेपर असला तर दुधात साखर. जीआरई ही प्रवेशपरीक्षा काही ठिकाणी मागतात, काही ठिकाणी नाही. गेट देऊन इथेच एमटेक करण्याचा रस्ताही आहे. ते सगळं वेळेवर बघता येईल.

आता त्या आयएसएसएन नंबराचं. हा गैरसमज नाशिकमध्येच नाही, सगळीकडे आहे, आणि त्यावर काही लोकांची दुकानं चालतात. आयएसएसएन हा नियतकालिकाला दिलेला ओळख क्रमांक. तो मासिकाला मिळतो, पाक्षिकाला मिळतो, आणि भारतात तो मिळवायला शुल्कही लागत नाही. आत काय छापलंय हे तो देणारं कुणी वाचत नाही. गाडीला एमएच १५ नंबर मिळाला म्हणजे इंजिन चांगलं आहे असं आपण म्हणतो का? पेपरची किंमत ठरते ती छापण्याआधी त्या विषयातल्या लोकांनी तो वाचून हरकती घेतल्या की नाही यावर, आणि ते काम ७२ तासांत होत नाही. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटर सायन्सचे निरर्थक पेपर आपोआप तयार करणारा एक प्रोग्रॅम लिहिला, आणि त्याने बनवलेला एक पेपर एका परिषदेने स्वीकारलासुद्धा. पुढे २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयट्रिपलई या मोठ्या प्रकाशकांना त्याच प्रोग्रॅमने बनवलेले शंभरावर पेपर आपल्या संग्रहातून काढावे लागले. तेव्हा नावाजलेला शिक्कासुद्धा पुरेसा नसतो. पैसे घेऊन तीन दिवसांत मिळणाऱ्या शिक्क्याची तर गोष्टच सोडा. उलट, अर्ज वाचणारे प्राध्यापक ही जर्नलं नावानिशी ओळखतात. असे चार पेपर अर्जात दिसले, की तिचं खरं काम वाचायच्या आधीच त्यांचं मत बिघडतं. त्या माणसाला एक पैसाही देऊ नका. आणि आपल्याकडे अजून ‘यूजीसी केअरमध्ये आहे’ असं सांगून पैसे मागणारे भेटतात. ती मान्य जर्नलांची यादी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ मध्ये बंद केली आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे दिंडोरीचे फोटो.

मसुद्यात तिने प्लांटव्हिलेज हा सगळेच वापरतात तो डेटासेट, म्हणजे मॉडेलला शिकवायचा फोटोंचा तयार संच, घेतला आहे. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, पीक आणि रोग मिळून ३८ गट. प्रत्येक फोटोत एकच पान, तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेलं. २०१६ मध्ये त्यावर जो मूळ पेपर आला त्यात ९९.३५ टक्के ॲक्युरसी होती. पण त्याच पेपरात त्या लेखकांनी पुढचंही लिहून ठेवलंय: वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास आला. नंतर, २०२२ मध्ये, एका संशोधकाने पान बाजूलाच ठेवून प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीचे अवघे ८ पिक्सेल घेतले आणि तेवढ्यावर मॉडेलला रोग ओळखायला सांगितलं. ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. ३८ गटांतून डोळे मिटून एक उचलला तर तीन टक्केही येत नाहीत. म्हणजे मॉडेल पानाइतकंच पानामागचं टेबलही शिकत होतं.

याहून गमतीची गोष्ट मसुद्याच्या तक्त्यातच आहे, आणि ती कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. त्या डेटासेटमध्ये द्राक्षाचे गट चारच: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पान. आता भावाला फोन करा आणि विचारा, बागेत फवारण्या कशासाठी मारतो. डावणी आणि भुरी, हेच उत्तर येईल. ते दोन्ही रोग त्या यादीत नाहीत. डावणी हा पर्यायच मॉडेलला दिलेला नाही, मग डावणीच्या पानाला ते दुसरंच काहीतरी नाव देणार. जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटासेटवर ९८ टक्के आणणारं मॉडेल दिंडोरीतला रोजचा रोग ओळखू शकत नाही, हे एका थर्ड इयरच्या मुलीला काकाच्या बागेत दिसलं. तुम्ही ज्याला वाया गेलेला महिना म्हणता, तोच पेपर आहे.

आता थोडं मुलीशी बोलतो. हे उत्तर तिला वाचायला द्या.

ताई, तुझ्या मसुद्याचं पहिलं वाक्य ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ असं आहे. ते खोड. रिव्ह्यूअरला, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्याला, ते माहीत आहे, आणि अशा वाक्याने सुरू होणारे पेपर त्याने ढिगाने वाचलेत. पहिल्या परिच्छेदात तुझा प्रश्न, तुला काय सापडलं आणि किती, एवढं आलं पाहिजे. ‘आम्ही सीएनएन (फोटो ओळखणाऱ्या मॉडेलचा नेहमीचा प्रकार) वापरून रोग ओळखला’ हा काही शोध नाही. ‘तयार डेटासेटवर शिकलेलं मॉडेल नाशिकच्या बागेत का पडतं, याची कारणं आम्ही वेगवेगळी करून मोजली’ हा शोध आहे. हे एक वाक्य कागदावर लिहून समोर लाव. पेपरातली प्रत्येक आकृती आणि प्रत्येक तक्ता त्या वाक्याला धरून असला पाहिजे. नसेल तो काढ, मग त्यावर कितीही रात्री जागली असलीस तरी.

‘कारणं वेगवेगळी करून’ हे शब्द नीट धर. आकडा घसरण्याचे निदान तीन संशयित मला दिसतात. एक, यादीतच नसलेला रोग. दोन, पानामागची माती, तारा, शेजारची पानं. तीन, फवारणीचे डाग: बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचा निळसर-पांढरा थर पानावर वाळला की फोटोत तो भुरीसारखा दिसू शकतो. तिघांना एकत्र बसवून चौकशी करू नकोस. आधी फक्त ‘निरोगी की रोगट’ एवढंच मॉडेलला विचार, म्हणजे पहिल्याचा वाटा कळेल. मग पान कापून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून तेच फोटो दे. मग एकाच वेलीची पानं फवारणीआधी आणि नंतर टिप. यातून जे तीन आकडे येतील, तो तुझ्या पेपरचा कणा. त्यातला एखादा संशयित निर्दोष निघाला तर तेही लिही.

एक ठिकाण असं आहे जिथे चांगली-चांगली पोरं फसतात. एकाच पानाचे चार बाजूंनी फोटो काढायचे, सगळे एकत्र मिसळायचे आणि मग ट्रेनिंग-टेस्ट, म्हणजे शिकवायचे फोटो आणि तपासायचे फोटो, अशी वाटणी करायची. मग तेच पान दोन्हीकडे जातं आणि ॲक्युरसी फुगते. वाटणी बागेनुसार कर: एका गावच्या बागांवर शिकव, दुसऱ्या गावच्या बागांवर तपास. दिंडोरीवर शिकव, निफाडवर बघ. रोगाचं नाव एकाच्या सांगण्यावरून लिहू नकोस. काकांना दाखव, शेतीशास्त्राच्या जाणकाराला वेगळं दाखव. दोघांचं किती ठिकाणी जुळलं आणि किती ठिकाणी नाही, तो आकडाही पेपरात दे. डावणीत पानावर तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी असते, त्यामुळे पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. अडलं तर पुण्याजवळच मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. रीतसर मेल लिही, सोबत चार फोटो जोड.

घाई करू नको असं मी म्हणतो त्याला हेही कारण आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोवळी फूट येते आणि त्यात पाऊस आला की डावणीचा जोर वाढतो. तुझे खरे फोटो तेव्हा मिळणार. ज्या महिन्यांत वडिलांना चार पेपर हवेत, त्याच महिन्यांत तुला बागेत उभं राहायचंय.

संदर्भांबद्दल एकच सांगतो. जो पेपर वाचला नाही त्याचा संदर्भ द्यायचा नाही. एआयकडून यादी करून घेतली असशील तर प्रत्येक पेपर उघडून बघ, त्यात मुळात नसलेले पेपरही निघतात.

पाठवायचं कुठे? कॉम्प्युटर सायन्समध्ये जर्नलपेक्षा चांगल्या कॉन्फरन्सला वजन जास्त असतं, हे वडिलांनाही सांग. भारतात आयसीव्हीजीआयपी ही कॉम्प्युटरच्या चित्र-ओळखीवरची आणि कॉड्स ही डेटा सायन्सची, अशा कॉन्फरन्स आहेत. मोठ्या कॉन्फरन्सना जोडून होणाऱ्या वर्कशॉप्समध्ये अशा कामाला जागा असते. रिजेक्ट झाला तर रिव्ह्यू दोनदा वाच, पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा पेन घेऊन. यात नशिबाचाही भाग असतो. २०१४ मध्ये न्यूरिप्स या मोठ्या परिषदेने काही पेपर मुद्दाम दोन वेगळ्या समित्यांकडे दिले, तर सुमारे चौथ्या हिश्श्याच्या बाबतीत दोन्ही समित्यांचा निर्णय जुळला नाही. आणि पदवीच्या मुलांकडून काय व्हायचं असं कुणी म्हणालं, तर २०२१ मध्ये पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटातून आलेलं मराठी ट्वीट्सचं काम दाखव. सुमारे १६,००० ट्वीट्सवर चांगली, वाईट, तटस्थ अशा खुणा करून दिलेला तो डेटासेट. त्याच्या लेखकांत पदवीचेच विद्यार्थी होते. परदेशी मॉडेलची नक्कल करण्यापेक्षा आपल्या भाषेत जे नव्हतं ते त्यांनी तयार करून दिलं.

पुन्हा तुमच्याकडे वळतो. गाईडचं म्हणणं मला पटलेलं नाही. न जुळणारे फोटो काढून उरलेल्यांवर ९८ लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल. पण म्हणून त्यांच्याशी भांडायला कॉलेजात जाऊ नका, तुम्ही तर अजिबात नाही. तिने दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडून न्यावेत आणि ‘सर, हाच विषय घेऊ का’ असं विचारावं. बहुतेक गाईड तक्ता बघून मऊ होतात. नाही झाले तर त्याच विभागात दुसरे शिक्षक असतात.

राहता राहिलं मोठ्या मुलाचं नाव. त्याने प्रयोग आखला असेल, कोड लिहिला असेल, निकाल तपासले असतील तर जरूर घाला. यातलं काहीच केलं नसेल तर नाही. उद्या मुलाखतीत कुणी ‘टेस्टसाठी बागा कशा निवडल्या’ एवढं विचारलं, तर नोकरी राहील बाजूला. तुमच्या भावाचं नाव मात्र शेवटी ऋणनिर्देशात यायला हवं. त्याआधी त्याच्या बागेचे फोटो सगळ्यांसाठी खुले करायला तो तयार आहे का, हे तिने लेखी विचारून घ्यावं. बागेत रोग आहे हे व्यापाऱ्यापर्यंत जावं असं कुठल्याच बागायतदाराला वाटत नाही. तेव्हा गावाचं नाव ठेवा, जमिनीचा गट नंबर आणि फोटोतलं लोकेशन काढून टाका.