दोन कोर्टांत हरलो, हायकोर्टाचे जज सगळं परत बघतील का?

प्रश्न: वडिलांच्या जमिनीचा दावा तालुक्याला हरलो, जिल्हा कोर्टातलं अपीलही फेटाळलं. हायकोर्टाच्या जजसाहेबांना सरळ पत्र लिहून हकीकत कळवली तर ते लक्ष घालतील का? समोरची पार्टी पुढाऱ्यांच्या जवळची आहे, जजचीच बदली करून आणतील अशी धास्ती वाटते.

उत्तर: पत्र अजिबात लिहू नका. कैद्यांच्या, वेठबिगारांच्या पत्रांवरून याचिका दाखल झाल्यात हे खरं, पण दोन पार्ट्यांच्या भांडणात जजने एकाचं खाजगीत ऐकायचंच नसतं, आणि तुमचं मॅटर कुणापुढे जाणार हेही ते जज ठरवत नाहीत, मुख्य न्यायमूर्तींच्या रोस्टरवरून, म्हणजे कोणत्या जजकडे कोणती कामं ते सांगणाऱ्या यादीवरून ठरतं.

तुमचा रस्ता म्हणजे सेकंड अपील, म्हणजे हायकोर्टातलं दुसरं अपील, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 100. इथेच लोकांची फसगत होते बघा, त्यांना वाटतं वरचा जज म्हणजे मोठा साहेब, सगळी केस नव्याने तपासणार. तसं नाही. साक्षीदार खरा की खोटा हे सहसा परत उकरत नाहीत, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील दाखल करून घेतात, म्हणजे समजा नोंदणी सक्तीची असताना बिननोंदणीच्या खरेदीखतावरच मालकी मान्य केली, असं काही. त्यामुळे दोन्ही निकाल घेऊन वकिलासोबत बसा आणि असा मुद्दा निघतो का ते बघा. मुदत 90 दिवसांची, निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज केला नसेल तर आजच करा.

आता बदलीची धास्ती. ती मनातून काढा. हायकोर्टाच्या जजची नेमणूक राष्ट्रपती करतात, तीही कॉलेजियमच्या, म्हणजे वरिष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाच्या शिफारशीवरून, आणि कायम झाल्यावर 62 वर्षांपर्यंत पद राहतं. काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठराव लागतो, एकूण सदस्यांचं बहुमत आणि वर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. बदली होते, घटनेचं कलम 222 आहे, पण तिचा प्रस्ताव देशाच्या सरन्यायाधीशांकडून येतो. पगारावर विधानसभेत मतदान होत नाही, कोर्टातल्या त्यांच्या वागण्यावर तिथे चर्चासुद्धा करता येत नाही. घटना लिहिणाऱ्यांनी ही कुंपणं मुद्दाम घातलीत, आणि मला त्यांचं फार मोल वाटतं, कारण तुमच्यासारखा माणूस ताकदवान पार्टीसमोर उभा राहतो तो याच जोरावर.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथून मोफत वकील मिळतो.