समुपदेशन हवंय, पण दर आठवड्याची फी झेपत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन महिने झोप उडालीय, कुणाशी तरी बोलायला हवं हे पटलंय, पण माणूस शोधायचा कसा आणि फी भरायची कुठून हे सुचत नाही. यातल्या पैशाच्या बाबतीत मी सपशेल चुकलो होतो, म्हणून आधी ते सांगतो.

पहिल्या समुपदेशक बाईंच्या खुर्चीमागे एक घड्याळ होतं. त्या विचारायच्या, "वडील गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?" आणि मी मनातल्या मनात भागाकार करत बसायचो, मिनिटाला किती पडले! तिसऱ्या वेळी ताप आल्याची थाप मारली आणि जाणंच सोडलं. "फी जड जातेय" एवढे तीन शब्द तोंडातून फुटले नाहीत. वर्षभराने दुसरीकडे फोन केला, तेव्हा नाव सांगायच्या आधी तेच सांगितलं. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "किती जमेल?" फी निम्मी झाली, सेशन पंधरा दिवसांनी ठरलं आणि मधल्या दिवसांसाठी वहीत लिहायचा अभ्यास मिळाला. ऐपत बघून फी कमी करणारे या व्यवसायात असतात, पण ते पाटीवर लिहीत नाहीत.

त्याआधी नेहमीच्या डॉक्टरांना भेटाच. थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच थकतो, उदास होतो, आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. जाताना पीएचक्यू-9 भरून न्या. नैराश्य किती आहे ते जोखणारी, नऊ प्रश्नांची फुकट मिळणारी प्रश्नावली आहे ती, गुण 0 ते 27. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर "अजिबात नाही" सोडून काहीही असेल तर फीचा विचार बाजूला ठेवा, आजच हेल्पलाइनला फोन करा किंवा थेट हॉस्पिटल गाठा.

स्वस्तातली सोय बहुधा दोन ठिकाणी सापडते. एक, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग. दुसरं, विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग. तिथे शिकाऊ समुपदेशक असतात. "शिकाऊ" म्हटल्यावर मीही नाक मुरडलं होतं. पण त्यांच्या कामावर अनुभवी माणसाची देखरेख असते आणि तयारी करून येतात बिचारे. नोकरी असेल तर एचआरला विचारा; काही कंपन्या ठरावीक सेशन्स फुकट देतात. विम्याचे कागदही एकदा चाळा.

गोळ्या देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. समुपदेशक गोळ्या देत नाहीत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, तेव्हा आठ दिवसांत मनाने बंद करू नका.

फोनवर फीबरोबरच शिक्षण काय, माझ्यासारख्या त्रासावर काम केलंय का आणि अंदाजे किती सेशन्स लागतील हेही विचारा. सीबीटी, म्हणजे विचारांच्या सवयींवर काम करणारी थेरपी, बऱ्याचदा 6 ते 20 सेशन्समध्ये आटोपते. आकडा कळला की हिशोब मांडता येतो. तीन-चार भेटींनंतरही सूर जुळला नाही तर तसं तोंडावर सांगा आणि त्यांच्याकडूनच दुसरं नाव मागून घ्या. माझ्यासारखा ताप आणू नका.