आधी पाठ कर, मग बदल

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला, आणि आता लिहायला बसलेय ती रागातच. चर्चच्या कमिटीने ड्रमला नाही म्हटलं, गिटार फक्त तरुण संघाच्या रविवारी, नवी गाणी मुख्य उपासनेत नकोत, म्हणून तू आणि तुझे चारपाच दोस्त पुण्याच्या त्या हॉलमधल्या फेलोशिपला जायच्या विचारात आहात, तिथे साउंड चांगला आहे आणि 'हे आपल्यात चालत नाही' असं कोणी म्हणत नाही. आणि शेवटी विचारलंस, बाई तुम्ही तरी आमच्या बाजूने का नाही बोललात.

ते आधी घेते. नाही बोलले कारण मी तुमच्या बाजूची नव्हतेच. हात वर केला तो विरोधात, आणि तोच अर्ज तसाच परत आला तर परत तसाच करीन. तुला आठवत असेल, मीटिंगमध्ये मी एकच प्रश्न विचारला होता, उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं कुठलंही एक गीत पुस्तक न बघता पूर्ण म्हण. तू पहिलं कडवं म्हटलंस, दुसऱ्यात अडकलास आणि हसलास. सगळे हसले. मी नाही हसले. जे बदलायचंय ते आधी पाठ कर. एवढंच माझं म्हणणं आहे, पुढे सगळं तेच येणार आहे, कंटाळा आला तर इथेच थांब.

नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात भरला तर बुधले फुटतात, हा दाखला तू मला ऐकवलास. ठीक. पण लूकच्या पाचव्या अध्यायात त्याच दाखल्याच्या शेवटी अजून एक वचन आहे, जुना प्यालेल्याला नवा नको असतो, तो म्हणतो जुनाच बरा. प्रभूला माणसं माहीत होती! ते वचन तरुण संघाच्या पोस्टरवर छापलेलं मी अजून पाहिलं नाही. स्तोत्र १५० पण ऐकवलंस, डफ, झांजा, तंतुवाद्यं. तेही मला येतं रे, तुझ्या जन्माच्या आधीपासून येतं.

आता तू म्हणशील आपले गीतकार टिळक काय जुने होते का, ते पण बंडखोरच. अगदी बरोबर. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्याआधी आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, बरीचशी साहेबी चालींची भाषांतरं चालायची, शब्द मराठी पण श्वास कुठे घ्यायचा ते इंग्रजी. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली. पण तो माणूस ख्रिस्ती व्हायच्या आधीच कवी होता, पुराण-कीर्तन करत फिरलेला होता, तुकोबा त्याच्या अंगात मुरलेले होते, तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतः सांगायचे. म्हणजे त्यांनी अभंग कुठून उसना आणला नाही, तो त्यांना पाठ होता. आणि तिकडून मिशनचं काम, ज्ञानोदय या मिशनच्या पत्राचं लेखन, शाळा, पाळक, सगळं त्यांनी आतून बघितलं, वर्षानुवर्षं, आणि मग १९१७ ला मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा आपला स्वतंत्र संघ काढला. बाप्तिस्म्यापासून बावीस वर्षं! तू तरुण संघाचा सेक्रेटरी होऊन किती झाले ते मी विचारत नाही.

टिळकांच्याही आधीचं बघ. फादर स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ ला गोव्यात उतरला, आणि त्याचं ख्रिस्तपुराण, ख्रिस्ताची ओव्यांमधली मराठी कथा, छापून निघालं १६१६ ला. मधली वर्षं तो लोकांची भाषा शिकत होता, ओवी कशी चालते ते कानात भरत होता. मग त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या आणि त्या गोव्याच्या ख्रिस्ती घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या-गायल्या गेल्या, १६८४ ला पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला तरी. हुकमाने भाषा मारता येत नाही आणि हुकमाने ड्रम आणता येत नाही, दोन्ही एकच गोष्ट आहे.

आणि पंडिता रमाबाई. आपल्या घरात त्यांचा फोटो असतो, पण बाईंनी शेवटची कितीतरी वर्षं केडगावात हिब्रू आणि ग्रीक घेऊन काढली, कारण आहे ते मराठी बायबल साध्या बाईला कळत नाही असं त्यांना वाटत होतं. तक्रार करून दुसरीकडे नाही गेल्या. मुळापर्यंत गेल्या, सगळं बायबल नव्याने केलं, तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी ते छापलं, १९२४ ला पूर्ण बाहेर आलं तेव्हा बाई जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि मंडळ्यांनी ते उचललं का? नाही उचललं. बायबल सोसायटीचंच चालत राहिलं. मग रमाबाई हरल्या का, हे तू मला सांग, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मीटिंगमध्ये कोणी बोललं नाही. मागच्या बाकावरचे ते म्हातारे काका ड्रमचं नाव काढताच उठून निघून गेले, तू लिहिलंस 'इगो हर्ट झाला'. इगो? अरे, त्यांच्या बापाला गावकीत हलगी वाजवावी लागायची. माझ्या आजोबांनाही. देवीच्या जत्रेत, पाटलाच्या लग्नात, मढ्यापुढे, आणि बदल्यात शिळी भाकर, तीही लांबून टाकलेली. आपली मंडळी नगर जिल्ह्यातल्या कुठल्या लोकांची बनली हे तुला इंग्लिश मीडियममध्ये कोणी शिकवलं नसेल, घरातही आता कोणी बोलत नाही. ख्रिस्ती झाल्यावर आजोबांनी पहिलं काय केलं तर हलगी टांगून ठेवली ती ठेवलीच. त्यांच्यासाठी चर्च म्हणजे अशी जागा जिथे कोणी 'वाजव रे' म्हणणार नाही. म्हणून ढोलकी नको, ती तमाशाची, हलगी नको, ती गावकीची, पेटी चालेल, पेटी साहेबाच्या बंगल्यात होती. हे चूक असेल, बरोबर असेल, तू तुझं ठरव, पण त्या 'नाही'मागे काय आहे ते तुला पाठ हवं. नुसती गीतं नाही, लोकांचं 'नाही'सुद्धा पाठ करायचं असतं. मला वाटतं हलगी चर्चमध्ये यावी, मानाने यावी, वाजवणाऱ्याला पहिल्या बाकावर बसवावं. पण ती त्या काकांनी स्वतः 'आणा' म्हटल्यावर. तुमचा ड्रमसेट यूट्यूबवरून येतोय, त्याला ना गाव ना घाव.

(दुसऱ्या बाजूलाही सांगते, म्हणजे मी फक्त तुलाच झोडपते असं नको. पेटी ही आपली संस्कृती म्हणणाऱ्या आपल्या खजिनदारांना सांग की हार्मोनियमचं पेटंट १८४२ चं, पॅरिसचं, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षं तिला बाहेर ठेवलं होतं. बघ काय तोंड करतात. पण हेही माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही ना, परत तेच.)

मी तुझ्या वयाची होते तेव्हा बायकांनी वेदीजवळ जाऊन शास्त्रवाचन करायचं नाही असा नियम होता. नियम म्हणजे कुठे लिहिलेला नाही, 'पूर्वीपासून नाही' एवढंच. माझ्या बरोबरीच्या मुली चिडल्या, दोघी तर दुसऱ्या मंडळीत गेल्या. मी चिडले आणि ऑफिसातलं कपाट उघडून बसले. मीटिंगच्या नोंदींची जुनी प्रोसिडिंग बुकं, वाळवी लागलेली, मोडीच्या वळणाचं अक्षर, रविवार-रविवार दुपारी वाचत बसायचे, आई म्हणायची हिला वेड लागलंय. त्यात सापडलं की मिशनच्या काळात एका बायबल वुमनने, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल शिकवणाऱ्या बाईने, वाचन केल्याची नोंद आहे, आणि आक्षेपाची नोंद कुठेच नाही. मीटिंगमध्ये पुस्तक उघडून ठेवलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मंडळीच्या एका वडीलधाऱ्यांनी चष्मा काढला आणि परत घातला, आणि ईस्टरला मी वाचलं. आज तुझी बहीण दर महिन्याला वाचते आणि तिला यात काही विशेष वाटत नाही. मला जुनाट म्हणतोस ना, ही घे जुनाटपणाची कमाई.

सल सांगू का एक? आपल्याकडे एक कीर्तनकार होते, ख्रिस्ती कीर्तन करायचे, नगरच्या कृष्णराव सांगळ्यांपासून जी परंपरा चालत आली त्यातले. उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं की डुकरांच्या शेंगांपाशी येऊन थांबायचे आणि सगळी बायामंडळी पदर डोळ्याला. मला ते शिकायचं होतं. मुलीला नाही शिकवत म्हणाले, आणि मुलांना शिकायचं नव्हतं, मुलांना तेव्हा कोरसची हौस. ते गेले आणि सगळं घेऊन गेले. पुस्तकात शब्द राहतात रे, चाल राहत नाही, चाल माणसाच्या गळ्यात असते. आपल्याच मंडळीत एका गीताच्या दोन चाली आहेत, वाडीतल्या म्हाताऱ्या एक म्हणतात आणि शहरातले दुसरी, हे तुला माहीत आहे? त्यातली एक अजून पाचदहा वर्षं टिकेल. तुझ्याकडे फोन आहे, तो रेकॉर्ड करतो, आणि तू त्यावर ऑस्ट्रेलियातली वर्शिप साँग्ज ऐकतोस. ऐक, माझं काही म्हणणं नाही. पण मग मला सांगू नकोस की आपल्यात काही जिवंत नाही.

सोडून जाणं सोपं आहे आणि त्यालाही आपल्यात परंपरा आहे. आपल्या सीएनआयचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, एकीकरण झालं ना नागपूरला, २९ नोव्हेंबर १९७०, त्याची बोलणी १९२९ पासून चाललेली, चाळीस वर्षं माणसं टेबलाशी बसली, आणि मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया शेवटच्या काही महिन्यांत उठून गेलं. त्यांची कारणं असतील. पण जे बसून राहिले त्यांची मंडळी आज तुझ्या-माझ्या डोक्यावर छप्पर आहे, गळकं का असेना. आणि पुण्याच्या हॉलमध्येही पाच वर्षांनी कोणीतरी म्हणेल 'हे आपल्यात चालत नाही', तेव्हा तिथलं काय पाठ असणार तुला?

झालं, फार झालं. आता कामाचं. पुढची कमिटी कापणीच्या सणानंतर आहे. तोवर वीस गीतं पाठ कर, चालीसकट, त्यातली निम्मी तरी टिळकांची. वाडीतल्या आजींकडे जा, त्यांना ऐकू कमी येतं, जवळ बसून बोल, त्यांची चाल रेकॉर्ड कर. काकांकडे जा, ड्रमचा विषय काढू नको, हलगीबद्दल विचार, सांगितलं तर ऐक आणि नाही सांगितलं तर चहा पिऊन ये. मग अर्ज नव्याने लिही. तेव्हाही मी तुझ्या बाजूने हात वर करीनच असा शब्द देत नाही, आणि मी नाही केला तरी बाकीचे करतील असा लिही. आणि आधीच्या अर्जात स्पीकर आणि वायरिंगचे पैसे कुठून येणार ते लिहिलंच नव्हतंस, दानार्पणातून म्हणालास तर मी पहिली उभी राहीन.

तुझी,
बाई