मालकांचा दिवाण विकून टाकला, आता काय करू?

प्रश्न: ताई, आम्ही दोघं आणि आमची चार वर्षांची मुलगी कोथरूडला फर्निश्ड फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, मालक बंगळुरूला असतात. हॉलमध्ये त्यांचा जुना लाकडी दिवाण होता, एक पाय हलायचा, बसलं की करकरायचा. सहा महिन्यांपूर्वी आम्ही आमच्या पैशाने सोफा-कम-बेड घेतला आणि दिवाण जुनं फर्निचर घेणाऱ्याला १,५०० रुपयांना देऊन टाकला, मालकांना सांगायचं राहूनच गेलं. आता बेडमध्ये ढेकूण झालेत, मुलीच्या अंगावर गांधी उठतात, म्हणून तोपण काढून नवीन घ्यायचाय. पण मिस्टर म्हणतात मार्चमध्ये ॲग्रीमेंट संपतंय, डिपॉझिट अडकेल. आम्ही तर उलट चांगली वस्तू आणली ना? सोफा इथेच ठेवून गेलो तर चालेल का?

उत्तर: आधी बेडचं बोलते कारण लेकरू रात्रभर झोपत नसेल. बेड काढू नका. ढेकूण फक्त बेडमध्ये नसतात हो, गादीच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत, स्विचबोर्डच्या मागेसुद्धा बसलेले असतात, तुम्ही नवा बेड आणाल आणि पंधरा दिवसांत त्यातही तेच, शिवाय जुना ज्याच्या घरी जाईल त्याच्याकडेही ढेकूण जाणार. पेस्ट कंट्रोल करा आणि एकदाच करून थांबू नका, पहिल्या फवारणीत अंडी बऱ्याचदा वाचतात, ती फुटली की साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागते. चादरी, अभ्रे कडक गरम पाण्यात धुवा. आणि हे मालकांना आजच कळवा, फोटोसकट.

आता दिवाण. तो तुमचा नव्हता, आणि मला हे गोड करून सांगता येणार नाही. लीव्ह अँड लायसन्समध्ये आपल्याला मिळते ती वापरायची परवानगी, १८८२ च्या ईझमेंट कायद्यातली लायसन्सची व्याख्याच तशी आहे, घर काय आणि घरातलं सामान काय, मालकी त्यांचीच राहते. वस्तू मोडकी असली तरी काढायची की ठेवायची हे ठरवणारे ते. तुमच्या डोळ्यांना तो करकरणारा दिवाण दिसला, पण कदाचित सागवानी असेल, कदाचित त्यांचे वडील त्यावर दुपारी पडत असतील, आपल्याला काय माहीत? आणि १,५०० रुपये आले तेही खरं तर त्यांचेच.

म्हणून मार्चची वाट बघू नका. ज्याला दिला त्याला आधी फोन लावा, कधीकधी अशा वस्तू गोडाऊनला महिनोन् महिने पडून असतात, मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊन परत आणा. नाही मिळाला तरी मालकांना स्वतः फोन करून सरळ सांगा, मेसेजवर नको, आधी आवाजात सांगा आणि मग जे ठरेल ते व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. सोफा हवा की पैसे, हे त्यांना निवडू दे. पैसे म्हणाले तर जुना फोटो एखाद्या सुताराला दाखवून अंदाज घ्या, हलणाऱ्या पायासकट त्या दिवाणाची जी किंमत होती तेवढी देणं रास्त, नव्या फर्निचरची किंमत कापणं माझ्या मते बरोबर नाही आणि तेही तुम्ही नीट बोलू शकता.

ॲग्रीमेंटच्या मागे सामानाची यादी असते ती काढून बघा. कोणीतरी तुम्हाला सांगेल की यादीत दिवाण नसेल किंवा ॲग्रीमेंट रजिस्टर नसेल तर सोडून द्या, कारण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये रजिस्ट्रेशनची जबाबदारी मालकावर आहे आणि ते नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे कलम भाडेकरूला फसवणुकीपासून वाचवायला आहे, दिवाण नव्हताच असं म्हणायला नाही. कृपा करून तसं करू नका.

यापुढे काही बदलायचं झालं तर आधी विचारा, हो म्हणाले की जुनी वस्तू खोलून माळ्यावर ठेवा, नटबोल्ट पिशवीत घालून तिलाच बांधा, म्हणजे जाताना परत जोडता येतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टाकू नका, तिथून वस्तू गायब होते.

प्रश्न: मालकांचा फ्रिज बंद पडला, कॉम्प्रेसर गेलाय म्हणे. ते म्हणतात तुम्हीच नवीन घ्या. घ्यायचा का?

उत्तर: ॲग्रीमेंटमध्ये दुरुस्ती कोणाकडे लिहिलीय ते आधी बघा. काही लिहिलं नसेल आणि फ्रिज वापरून वापरून जुना झाला असेल तर तो खर्च तुमच्यावर टाकणं मला पटत नाही, मेकॅनिककडून तसं लिहून घ्या आणि त्यांना पाठवा. तरी घाई असेल आणि तुम्हीच घेतलात तर बिल स्वतःच्या नावाने घ्या, जाताना नेणार हे मेसेजवर कबूल करून घ्या, आणि जुना फ्रिज एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यांचा लेखी होकार हवाच.