फॉस्फटेजवर पीएच.डी. करायचीय? आधी हात बसू दे

प्रश्न : मी साताऱ्यात टी. वाय. बी.एस्सी.ला (मायक्रोबायोलॉजी) आहे. पेशीचक्राचं नियंत्रण करणाऱ्या फॉस्फटेजवर पीएच.डी. करायची आहे. घरचे म्हणतात, बी.एड. कर. काय करू?

उत्तर : विषय छान निवडला आहेस. पेशीचक्र म्हटलं की बहुतेक जण प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणाऱ्या कायनेज या एन्झाइमांकडे वळतात. पण सीडीके१ या कायनेजच्या १५व्या जागच्या टायरोसिन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट सीडीसी२५ या फॉस्फटेजने (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमने) काढला, तरच पेशी वेळेवर विभाजनात शिरते. सीडीसी२५च्या जनुकात बदल झालेला फिशन यीस्टचा (मधोमध दुभंगणाऱ्या यीस्टचा) एक म्युटंट २५ अंशांवर नीट वाढतो. ३६ अंशांवर विभाजन थांबतं, वाढ मात्र चालूच राहते, आणि साध्या मायक्रोस्कोपखालीही पेशी लांबच लांब झालेल्या दिसतात.

मुलाखतीत मात्र नुसती आवड पुरत नाही, हाताने काय केलंस ते विचारतात. म्हणून याच वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज घेऊन पीएनपीपी हे रसायन वापरणारी असे (assay), म्हणजे एन्झाइमचं काम मोजणारी चाचणी, पक्की कर. पीएनपीपी रंगहीन असतं, फॉस्फेट सुटला की पिवळं होतं. रंगाचं रीडिंग ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला घ्यायचं. इथे मुलं हमखास फसतात ती बफरमध्ये. फॉस्फेट बफर घेतलं की तोच फॉस्फेट एन्झाइमला रोखतो, ट्रिस बफर घे. पीएनपीपी ठेवून दिलं तर आपोआपही पिवळं पडतं, तेव्हा ते ताजं बनव आणि एन्झाइमविना ब्लँक (तुलनेसाठीची नळी) लावच. पीएच ७च्या आसपास रंग जेमतेम अर्धाच उमटतो, म्हणून सीडीसी२५सारख्या एन्झाइमच्या चाचणीत शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. आणि पेशींच्या कच्च्या अर्कात अनेक फॉस्फटेज एकत्र असतात; पिवळा रंग कुणामुळे आला हे ही चाचणी सांगत नाही. एवढं नीट समजावून सांगितलंस तरी छाप पडते.

पुढे एम.एस्सी. अशी निवड, जिथे शेवटचं अख्खं सत्र प्रोजेक्टला असतं. त्यासाठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा दे. नंतर पीएच.डी.च्या फेलोशिपसाठी (जेआरएफ) सीएसआयआर नेट ही परीक्षा : २०० गुण, ३ तास. त्यातला भाग 'क' १०० गुणांचा, ७५पैकी २५ प्रश्न सोडवायचे, चुकीच्या उत्तराला १ गुण कापतात. प्रयोगाचा निकाल वाचायची सवय इथेच उपयोगी पडते. पुण्यात आयसर आणि एनसीसीएस, खारघरला अ‍ॅक्ट्रेक या संशोधन संस्था आहेत; तिथल्या कोणत्या लॅबमध्ये पेशीविभाजनावर काम चालतं ते आधी बघ. फक्त फॉस्फटेजचाच हट्ट धरू नकोस.

घरच्यांना सांग, जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. बी.एड. पुढेही करता येईल. जेआरएफला खुल्या गटासाठी ३० वर्षांची वयोमर्यादा आहे. जॅमचा फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचा असतो.