शिफारसपत्र केव्हा मागावे?

न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांमधली मुले दर वसंत ऋतूत एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात: मेडिकल स्कूलच्या अर्जासाठी प्राध्यापकांकडे पत्र आता मागितले तर उतावीळपणा दिसेल, आणि थांबले तर उशीर होईल. त्यांचे आईवडील अशा प्रवेशपद्धतीतून आलेले असतात जिथे परीक्षेच्या गुणांवरच सारे ठरते. त्यामुळे पत्र ही त्यांना केवळ कागदपत्रांतली एक औपचारिकता वाटते, आणि मुलांना या बाबतीत घरातून फारशी मदत मिळत नाही.

यांपैकी एका मुलीची गोष्ट, ओळख पटेल असे सारे तपशील बदलून, सांगते. मार्च महिना होता. तिला जूनमध्ये अर्ज करायचा होता, आणि त्यासाठी एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम संपून दहा महिने झाले होते आणि पत्र अजून मागितलेले नव्हते.

“काकू, एमकॅटचा निकाल मेमध्ये येईल. स्कोअर चांगला आला की मग विचारते,” ती म्हणाली.

“स्कोअर तर मेडिकल स्कूलला थेट कळणारच आहे. मग सरांनी पत्रात काय लिहावे?”

ती गप्प झाली. पुढच्या दोन भेटी या प्रश्नाभोवतीच फिरल्या. तिला त्या विषयात बी प्लस मिळाले होते आणि तेवढ्यावरून आपण पत्र मागण्याच्या लायकीचे नाही, असे तिने ठरवून टाकले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा विश्वास आहे, आणि माणूस ‘व्हायलाच हवे’ या हट्टामागे स्वतःला कसे लपवतो, हे अशा वेळी मला स्पष्ट दिसते. ‘आधी मी सिद्ध झालेच पाहिजे, मगच कुणाकडे काही मागावे,’ हा तिचा हट्ट होता आणि तारखांचा घोळ त्याचे केवळ वरचे आवरण होते.

तिसऱ्या भेटीत मी तिला विचारले, “सरांच्या ऑफिसमध्ये तू शेवटची कशासाठी गेली होतीस?” तिने बराच वेळ आठवले आणि मग एकदम बोलू लागली. एका परीक्षेत चुकलेली एक रासायनिक अभिक्रिया समजेपर्यंत ती तीन आठवडे ओळीने त्यांच्याकडे गेली होती, आणि शेवटच्या वेळी ती फळ्यावर तिनेच त्यांना समजावून दिली होती.

“हे ग्रेडमध्ये कुठे दिसते?” मी विचारले.

“कुठेच नाही.” थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “हे फक्त त्यांनाच माहीत आहे.”

त्या क्षणी मला जे उमगले, ते मी तेव्हापासून प्रत्येक मुलाला सांगत आले आहे: पत्र मागण्याची वेळ आपल्या लायकीवरून ठरत नाही, लिहिणाऱ्याच्या आठवणीवरून ठरते. म्हणून अभ्यासक्रम संपता संपताच विचारावे. अर्ज दूर असेल तर पत्र इंटरफोलिओसारख्या सेवेत जपून ठेवता येते आणि अर्जाच्या वर्षी प्राध्यापकांना तारीख व मजकूर ताजा करण्याची विनंती करता येते. पत्रासाठी किमान सहा ते आठ आठवडे द्यावेत. सोबत आपली माहिती आणि अशा दोन-तीन प्रसंगांचे एक पान द्यावे. “मला ठोस पत्र देऊ शकाल का?” असे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर देताना ते घुटमळले तर आभार मानून दुसरीकडे जावे. ज्या पदवी महाविद्यालयांत प्रवेशमार्गदर्शन समितीचे एकत्रित पत्र दिले जाते, तिथली अंतर्गत मुदत बरीच आधी असते, तिची चौकशी वर्षभर अगोदर करावी.

उशिराच्या भीतीबद्दलही सांगते. मेडिकल स्कूलच्या अर्जांसाठीच्या ॲमकॅस या सामाईक प्रणालीत पत्रे पोहोचण्याआधी अर्ज सादर करता येतो आणि त्याची पडताळणी पत्रांसाठी थांबत नाही. मात्र अनेक मेडिकल स्कूल पत्रांशिवाय अर्ज पूर्ण मानत नाहीत, म्हणून ती जुलैच्या सुरुवातीपर्यंत जमा झालेली बरी.

तिने त्याच रात्री मेल लिहिला. सरांनी दुसऱ्या दिवशी होकार कळवला आणि फळ्यावरचा तो प्रसंग त्यांनीच आपणहून काढला. पत्र जूनमध्ये जमा झाले. 1974 च्या संघीय कायद्याने ते पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला असतो, तो तिने आधीच सोडून दिला होता. “काय लिहिलंय ते मला कळणार नाही,” ती म्हणाली, “आणि मार्चमध्ये मला हे सहन झालं नसतं.”