ब्राउझरमध्ये माइक-कॅमेरा सुरू होत नसल्यास चूक कशी ओळखावी?

खानापूरच्या वाचनालयासाठी ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिचित्रमुद्रित करणारे आपले वेबपान स्वतःच्या संगणकावर चालते, पण तेथील संगणकावरून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या (स्थानिक नेटवर्कच्या) पत्त्यावर उघडताच बंद पडते, याचे कारण बहुधा एचटीटीपी, म्हणजे पान सांकेतिक न करता पाठवणारी जोडणी, हेच असावे. लोकलहोस्ट (स्वतःच्याच संगणकाचा पत्ता) वगळता अशा असुरक्षित पत्त्यावर ब्राउझर ‘नेव्हिगेटर.मीडियाडिव्हाइसेस’ ही माइक-कॅमेऱ्यापर्यंत नेणारी सोय देतच नाही, त्यामुळे परवानगीची चौकट येण्याआधीच कोड कोसळतो. एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) केल्यावरही माइक-कॅमेरा मागणाऱ्या ‘गेटयूजरमीडिया’भोवती ट्राय-कॅच (चूक पकडणारा कोड) ठेवून एररचे नाव तपासावे: ‘नॉटअलाउडएरर’ म्हणजे परवानगी मिळाली नाही, ‘नॉटफाउंडएरर’ म्हणजे माइक वा कॅमेरा सापडलाच नाही, आणि ‘नॉटरीडेबलएरर’ आल्यास उपकरण बहुधा दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेले असते. तिन्हींसाठी ‘काहीतरी चुकले’ एवढाच संदेश दाखवणे मला गैर वाटते. मुद्रण चालू असताना माइकची वायर निघण्याची शक्यता धरून ब्राउझरच्या मीडियारेकॉर्डरसाठी ‘रेकॉर्डर.स्टार्ट(१०००)’ (आकडा मिलिसेकंदांत) असे लिहावे, म्हणजे साधारण दर सेकंदाचा तुकडा हाती येत राहतो.